जालना रोडवरची लॅटिन

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. १९८१ साली सुरू झालेल्या या खंडपीठात वकील मंडळी 'ऑडी आल्टेरम पार्टेम' या लॅटिन तत्त्वाचा आधार कायम घेतात. दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. नोटीस न देता नोकरीवरून काढलेला कर्मचारी असो की सुनावणीशिवाय परवाना गेलेला दुकानदार, दोघांची भिस्त याच तीन शब्दांवर. त्याच रस्त्याने चिकलठाणा विमानतळ मागे टाकून पूर्वेला निघालं की मांगीरबाबाच्या यात्रेचं शेंद्रा आणि त्या गावाच्या नावाची एमआयडीसी लागते. तिथे ऑडी नावाच्या गाड्यांची जुळणी होते. कोर्टातलं ऑडी आणि कारखान्यातली ऑडी, दोन्ही एकच. इतकंच नाही, तर कारखान्यातल्या ऑडीचा जन्मही कोर्टकचेरीतूनच झालेला आहे.

शेंद्र्यातल्या कारखान्यांसाठी मी भाषांतराची कामं करतो. यंत्रांची मॅन्युअल, सुरक्षेचे फलक, ऑडिटच्या आदल्या दिवशी घाईघाईने मराठीत हव्या असलेल्या सूचना. त्यामुळे एखादं नाव किंवा एखादी ओळ झळकण्याआधी आत काय चालतं, हे जवळून बघायला मिळतं. कुणाची तरी अडचण असते, कुणाला तरी घाई असते, आणि मार्ग काढतो तो कोपऱ्यात बसलेला एखादा माणूस, ज्याचं नाव कुठेच छापून येत नाही. लॅटिनच्या बाबतीत हा कोपऱ्यातला माणूस फार लोभस निघतो. हे किस्से त्याचेच आहेत.

'हॉर्श' या जर्मन आडनावाचं लॅटिन भाषांतर म्हणजे ऑडी, ही गोष्ट आता शोरूममधला सेल्समनही सांगतो. त्यामागचं भांडण मात्र तो सांगत नाही. ऑगस्ट हॉर्श हा लोहाराचा मुलगा. कार्ल बेन्झकडे हात तयार करून त्याने १८९९ साली कोलोनमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९०४ मध्ये ती झ्विकाऊ गावात नेली. गाड्या चालल्या, शर्यती झाल्या, आणि संचालक मंडळाशी खटके उडू लागले. १९०९ साली हॉर्शने स्वतःच्याच कंपनीला रामराम ठोकला आणि त्याच गावात, जुन्या कारखान्याच्या नाकासमोर, दुसरी कंपनी थाटली. नाव अर्थातच हॉर्श. जुनी कंपनी कोर्टात गेली. निकाल असा लागला की ऑगस्ट हॉर्शला आपल्या गाडीला स्वतःचं आडनाव लावता येणार नाही.

मग भागीदार फ्रान्झ फिकेन्ट्शर यांच्या घरी बैठक बसली. नाव काय ठेवायचं यावर मोठी माणसं घासाघीस करत होती. खोलीच्या एका कोपऱ्यात फिकेन्ट्शर यांचा शाळकरी मुलगा हाइनरिश लॅटिनचा अभ्यास करत बसला होता. पोरगं बराच वेळ चुळबुळत होतं, पण मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये पडायची टाप नव्हती. शेवटी त्याच्या तोंडून वहीतलंच वाक्य निघालं: 'ऑडियाटुर एट आल्टेरा पार्स', म्हणजे दुसऱ्या पक्षाचंही ऐकलं जावं. आणि मग त्याने वडिलांना विचारलं, हॉर्शच्या ऐवजी ऑडी म्हटलं तर? जर्मनमध्ये हॉर्श म्हणजे 'ऐक', लॅटिनमध्ये ऑडी म्हणजेही 'ऐक'. नाव तेच, आणि कोर्टाला हात लावायला जागा नाही. मंडळींनी ते तिथल्या तिथे उचलून धरलं आणि २५ एप्रिल १९१० रोजी नव्या नावाची नोंद झाली. हॉर्शने हा प्रसंग पुढे स्वतःच्या आठवणींत सांगितला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. खटला हरलेल्या माणसाला नाव मिळालं ते 'दुसरी बाजूही ऐका' सांगणाऱ्या वाक्यातून, आणि ते काढून दिलं अशा पोराने, ज्याचं ऐकायला त्या खोलीत कुणी बसलेलं नव्हतं.

यानंतरचं वळण मला आणखी आवडतं. १९३२ साली मंदीच्या तडाख्यात सॅक्सनी प्रांतातल्या चार मोटार कंपन्यांनी एकत्र येऊन 'ऑटो युनियन' स्थापन केली. बॉनेटवरची चार वर्तुळं ही त्या चौघींची खूण. त्यातली एक ऑडी, एक डीकेडब्ल्यू, एक वाँडरर आणि चौथी? हॉर्श. जे नाव वापरायला कोर्टाने मनाई केली होती ते आणि ज्या नावाने ती मनाई चुकवली ते, दोन्ही एकमेकांत अडकून एकाच बॉनेटवर बसली. ऑगस्ट हॉर्श तोवर रोजच्या कारभारातून केव्हाच बाहेर पडून बर्लिनला गेलेला होता. त्याचं एक नाव मूळ भाषेत आणि एक भाषांतरात, अशी दोन्ही एकत्र नांदू लागली.

युद्धानंतर झ्विकाऊ सोव्हिएत ताब्यात गेलं. पुढे त्या जुन्या कारखान्यांत पूर्व जर्मनीची ट्रॅबंट ही गाडी तयार होऊ लागली. पश्चिमेकडे इंगोलश्टाट इथे १९४९ मध्ये ऑटो युनियन पुन्हा उभी राहिली, पण ती विकत होती डीकेडब्ल्यूच्या टू-स्ट्रोक गाड्या. ऑडी हे नाव कपाटातच होतं. १९६५ साली नवी फोर-स्ट्रोक गाडी आली तेव्हा टू-स्ट्रोकचा धूर लोकांच्या डोक्यातून काढायचा होता, म्हणून जुनं लॅटिन नाव झटकून वापरात आणलं.

तरीही ते टिकलं, ते थोडक्यात. तोवर कंपनी फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली होती आणि तिथले प्रमुख हाइनरिश नॉर्डहॉफ यांना इंगोलश्टाटचा कारखाना हवा होता तो बीटल बनवायला. नवीन गाडीचं डिझाइन करायचं नाही, असा सरळ हुकूम होता. तांत्रिक प्रमुख लुडविग क्राउस यांनी चालू मॉडेलच्या बॉडीत 'थोडे बदल' करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, आणि त्या दोन निरुपद्रवी शब्दांच्या आड त्यांनी गुपचूप अख्खी नवी गाडी उभी केली. नॉर्डहॉफ यांनी ती पाहिली तेव्हा साऱ्यांचा श्वास अडकला असणार. त्यांनी होकार दिला. १९६८ च्या एप्रिलमध्ये नॉर्डहॉफ वारले आणि नोव्हेंबरमध्ये ती गाडी, ऑडी १००, जगासमोर आली. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, 'थोडे बदल' या शब्दांत काय काय मावतं ते तो सांगेल.

शेंद्र्यात आधी आली स्कोडा, २००१ मध्ये, ऑक्टाव्हिया घेऊन. ऑडी ए-सिक्सची जुळणी २००७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. शहराला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. आणि तरी २०१० च्या ऑक्टोबरमध्ये या शहरातल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी एकत्र येऊन एकाच वेळी जवळजवळ दीडशे महागड्या गाड्या घेतल्या आणि देशभर बातमी झाली, तेव्हा त्या गाड्या होत्या मर्सिडीज. ऑडी आपल्याच गावच्या रस्त्यावर जुळत होती, आणि मिरवणूक निघाली प्रतिस्पर्ध्याची.

ऑक्टाव्हिया हेही लॅटिनच. आठवी, म्हणून ऑक्टाव्हिया. १९५९ साली स्कोडाने हे नाव पहिल्यांदा दिलं ते युद्धानंतरच्या आपल्या गाड्यांची मोजदाद करून, आणि मग बरीच वर्षं विश्रांती देऊन १९९६ मध्ये परत आणलं. आठवा म्हटलं की आपल्याला देवकीचा आठवा आठवतो, त्यामुळे हे नाव इथे परकं वाटलं नाही, असं मला वाटतं. शेंद्र्यातच पूर्वी जुळणी होणाऱ्या स्कोडा सुपर्बची कथा जरा वेगळी आहे. लॅटिनमध्ये 'सुपर्बुस' म्हणजे उर्मट, मगरूर. रोमचा शेवटचा राजा टार्क्विनियस याला लोक सुपर्बुस म्हणत, आणि परंपरा सांगते की इसवी सनपूर्व ५०९ मध्ये लोकांनी त्याला हाकलून दिलं. रोमला त्यानंतर राजा नको झाला. मालकाला मागच्या सीटवर राजासारखं बसवणाऱ्या गाडीला हे नाव पडलं.

पुण्याला निघालेला आमच्याकडचा माणूस 'व्होल्वोने जातो' म्हणतो, मग ती एसी बस कुठल्याही कंपनीची असो. 'व्होल्वो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी फिरतो, मी घरंगळतो'. एसकेएफ या स्वीडिश कंपनीने १९१५ मध्ये हे नाव नोंदवलं ते बेअरिंगसाठी. मध्ये महायुद्ध आलं, बेत बारगळला, नाव फायलीत पडून राहिलं. मग १९२७ साली मोटार बाहेर काढायची वेळ आली तेव्हा हेच नाव हाताशी होतं. म्हणजे जे नाव आज अख्ख्या बसला पुरतं, ते मुळात तिच्या चाकातल्या गोळ्यांसाठी होतं.

अशा नावांचा शेजार लाभल्यावर लहान कंपन्यांनाही मोह होतो. शेंद्र्यातल्या एका व्हेंडरला, पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या, आपल्या नव्या शेडवर लॅटिन ओळ हवी होती. जर्मन पाहुणे येणार होते. मालकांच्या मुलाने 'क्वालिटी फर्स्ट' कॉम्प्युटरवर टाकलं आणि 'क्वालिटास प्रिमुम' मिळवलं. पेंटरला ऑर्डर द्यायच्या आधी तपासायला म्हणून कागद माझ्याकडे आला. मी तो लॅटिन जाणणाऱ्या एका वयस्कर फादरना दाखवला. ते म्हणाले, 'अहो, क्वालिटास म्हणजे नुसता कसेपणा. चांगला की वाईट ते त्यात कुठे आहे?' मग त्यांनी सांगितलं की हा शब्द खुद्द सिसेरोने घडवला. ग्रीक तत्त्वज्ञानातल्या एका शब्दाला लॅटिनमध्ये जोड मिळेना, म्हणून 'कसा' या शब्दाला प्रत्यय लावून त्याने 'कसेपणा' तयार केला. दोन हजार वर्षांनी तो कारखान्यांच्या भिंतीवर जाऊन बसेल, याची त्याला कल्पना असणं शक्य नाही.

मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'म्हणजे जसा माल असेल तसा, असं लिहिलं जाणार होतं होय?' फादरांनी पर्याय सुचवला होता, 'ऑप्टिमे', म्हणजे उत्तम रीतीने. मालकांनी तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि मान हलवली. 'नको साहेब, चष्म्याचं दुकान वाटतं.' शेडवर शेवटी 'चोख काम' असं मराठीत रंगवलं गेलं, आणि पाहुण्यांनी फोटो काढला तो नेमका त्याच भिंतीसमोर. इतकी अचूक दोन शब्दांची ओळ मला आजवर लिहिता आलेली नाही.

इंग्रजीचं लॅटिन करण्यातला सर्वात गाजलेला विनोद आपल्या जुन्या मुंबई इलाख्याशी जोडलेला आहे. इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि वरिष्ठांना एका शब्दाची तार केली, 'पेक्कावी', असं सांगतात. लॅटिन 'पेक्कावी' म्हणजे 'मी पाप केलं'. इंग्रजीत ते होतं 'आय हॅव सिन्ड', आणि कानाला ऐकू येतं 'आय हॅव सिंध'. नेपियरने असं काहीही कळवलं नव्हतं. हे सुचलं ते इंग्लंडमधल्या कॅथरीन विंकवर्थ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला. तिने ते 'पंच' साप्ताहिकाकडे पाठवलं, १८४४ मध्ये छापून आलं, आणि लोकांनी विनोद सेनापतीच्या नावावर जमा केला. सिंध पुढे १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात राहिला, आणि ती थाप तर पाठ्यपुस्तकांतही शिरली. मुलगी गप्प बसली नाही. मोठी होऊन तिने जर्मन प्रार्थनागीतांची इंग्रजी भाषांतरं केली, ती आजही चर्चमध्ये गायली जातात. पहिल्या कामाचं श्रेय मिळालं नाही, तरी तिने भाषांतराची वाट सोडली नाही.

खरं रोजचं लॅटिन भाषांतर मात्र आपल्याकडे वनस्पतिशास्त्राच्या विभागांत चालायचं. नवी वनस्पती सापडली की तिचं वर्णन इंग्रजीत लिहायचं आणि सोबत त्याचा लॅटिन उतारा जोडायचा. १९३५ पासून हा आंतरराष्ट्रीय नियम होता. लॅटिन परिच्छेद नसेल तर नाव ग्राह्य नाही, मग वनस्पती कितीही नवी असो. पाऊस अंगावर घेत कडे चढलेली, चिखलाने माखलेली माणसं रात्री विल्यम स्टर्न यांचं 'बोटॅनिकल लॅटिन' उघडून 'पानं केसाळ, देठ आखूड' याची विभक्ती जुळवत बसायची. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये मराठवाड्याच्या वनस्पतींचे दोन खंड काढले, ते याच शिस्तीत वाढलेल्या पिढीचं काम.

नावं ठेवतानाच्या गमती वेगळ्या. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला पुण्याचे प्रा. टी. एस. महाबळे यांचं नाव दिलं, तेव्हा ते झालं 'महाबलेई', कारण लॅटिनला ळ माहीतच नाही. दुसऱ्या एका जातीला के. हेमाद्री यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांचं नाव दिलं. नाव 'आ'कारान्त असेल तर पुढे 'ए' लागतो, म्हणून झालं 'रोल्ले', आणि वाचणाऱ्याला वाटतं एखाद्या बाईंच्या गौरवार्थ ठेवलंय. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन इंग्रजीत दिलं तरी चालतं. नाव मात्र अजून लॅटिन साच्यातच लागतं. परिच्छेदाचा जाच गेला, 'रोल्ले' राहिले.

ही परंपरा आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे आणि तिच्यात एक दुःखही आहे. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही उपचार करत. १५६३ मध्ये गोव्यात त्यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, पोर्तुगीजमध्ये, संवादरूपात, आणि छपाईच्या चुकांनी भरलेलं. ते युरोपभर पोचलं असतं की नाही, शंकाच आहे. क्लुसियस नावाच्या विद्वानाला त्याची प्रत लिस्बनला मिळाली. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर छाटला आणि १५६७ मध्ये अँटवर्पमधून लॅटिन सारांश काढला. युरोपने ओर्ता वाचले ते या लॅटिनमधून. १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ते मुळात ज्यू होते म्हणून थडग्यातून त्यांची हाडं काढून जाळली. अँटवर्पला लॅटिन ओर्ता त्यानंतरही छापले जात होते.

पुढच्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नर व्हान रेडेने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ हाती घेतला, 'हॉर्टस मलाबारिकुस'. बारा खंड, १६७८ ते १६९३. माहिती मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, तिथून डचमध्ये, आणि मग लॅटिनमध्ये जायची. लॅटिन करण्याचं काम योहानेस कासेआरियस या पाद्र्याकडे होतं. हा तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा शिष्य होता, आणि स्पिनोझाने १६६३ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात या पोराने जीव नकोसा केल्याची तक्रार केली आहे. मलबारात त्याच पोराने जीव ओतून काम केलं. पहिला खंड छापून यायच्या आदल्या वर्षी तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, हगवणीने वारला. त्याच्या नावाची 'कासेआरिया' ही वनस्पती-प्रजाती सह्याद्रीतही उगवते.

या ग्रंथासाठी झाडं ओळखली इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, आणि त्याच्यासोबत तीन कोकणी वैद्यांनी: रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. त्यांची घराणी गोव्याकडून कोचीनला गेलेली. त्यांचा आधार 'महानिघंटु' हा ग्रंथ. आपण काय केलं याची साक्ष त्यांनी स्वतः लिहून दिली, कोकणीत, नागरी लिपीत, २० एप्रिल १६७५ ही तारीख घालून. व्हान रेडेने त्या अक्षरांचा ठसा खोदवून पहिल्याच खंडात जशीच्या तशी छापली आणि लॅटिन भाषांतर वेगळं दिलं. अच्युतनची साक्षही तशीच, त्याच्या लिपीत. आजवर मी जितकी भाषांतरं पाहिली त्यांत सांगणाऱ्याचं हस्ताक्षर आणि नाव इतक्या पुढच्या पानांवर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.